काटेवाल्याने तोललेला पियानो

एका बाजारगावात वजनकाटे दुरुस्त करणारा एक कारागीर राहत होता. त्याचे नाव दामोदर तांबट. गाव त्याला दामूअण्णा म्हणे. कांद्याच्या वखारीतला मोठा काटा असो की सोनाराच्या काचपेटीतला नाजूक तराजू, बिघडला की त्याच्याकडेच येई. दुरुस्त झालेल्या काट्यावर तो एकच वजन तीनदा ठेवून पाही. तिन्ही वेळा काटा एकाच रेघेवर थांबला, तरच 'न्या' म्हणे. समोरचा कितीही घाईत असला तरी दामूअण्णा मान वर करत नसे.

"घाई केली की काटा खोटं बोलतो," असे तो सांगे.

बाजारातले लोक हसत. "दामूअण्णाचा काटा आणि यमाचा काटा, दोन्ही चुकायचे नाहीत," असे म्हणत. पण काटा त्याच्याकडेच आणत.

त्याच्या बायकोचे नाव शालन. दोघांना मूलबाळ नव्हते. शेंगा सोलताना, भाजी निवडताना शालन एक चाल गुणगुणत असे. त्या चालीला शब्द नव्हते. ती तिच्या आईची होती, आणि आईला कुठून मिळाली हे कुणाला ठाऊक नव्हते. तीस वर्षे ती चाल त्या घरात होती. दामूअण्णाने ती तीस वर्षे ऐकली, म्हणजे कानांवरून जाऊ दिली.

एका दिवाळीनंतर शालनचा आवाज बसला. आधी सर्दी वाटली. मग बोलणे जड झाले. बोलता येई, पण सूर धरता येईना. तालुक्याच्या डॉक्टरांनी मोठ्या दवाखान्यात पाठवले. तिथल्या डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितले, "हा मज्जातंतूंचा आजार आहे. यावर औषध नाही. आवाजावर आलाच आहे, आता हातांवर येईल. वर्ष धरा. कमीही असेल."

शालन रडली नाही. घरी आल्यावर तिने पदर खोचला, चहा टाकला आणि म्हणाली, "अहो, मला पियानो आणून द्या. तो विजेवरचा असतो ना, तसला."

"पियानो? आता या वयात?"

"आईची चाल गळ्यातून गेली. बोटांनी काढून बघते. एकदा कानांवर आली की झालं."

"मग पेटी आणू. पेटी कुठेही मिळेल."

"भाता ओढायला डावा हात लागतो. तो आत्ताच ऐकेनासा झालाय." तिने कपबशी उजव्या हाताने त्याच्यासमोर सरकवली. "माझ्यानंतर ती चाल कुणाला येत नाही. तुम्हाला येते का?"

दामूअण्णाने चाल आठवून पाहिली. ती त्याला आठवली नाही.

गावात मार्थाबाई उजगरे राहत. त्या पूर्वी शाळेत संगीत शिकवायच्या. शाळेचा जुना पियानो वाळवीने खाल्ला, तेव्हापासून त्या जाड कागदावर पट्ट्या काढून त्यावरच मुलांना बोटे ठेवायला शिकवत. दामूअण्णा त्यांच्याकडे गेला आणि नवशिक्याने कोणता पियानो घ्यावा, असे विचारले.

मार्थाबाई म्हणाल्या, "तीन गोष्टी बघा. पट्ट्या पूर्ण रुंदीच्या हव्यात. पट्टी दाबताना बोटाला भार लागला पाहिजे, खेळण्यासारखी भसकन खाली जाता कामा नये. आणि हळू दाबली तर हळू, जोरात दाबली तर मोठी वाजली पाहिजे. बाकी शंभर वाद्यांचे आवाज, दिवे, ठेके, त्यांचं शिकणाऱ्याला काही काम नसतं."

दामूअण्णाच्या मनात भार हा शब्द बसला. बाकीचे मागे पडले.

मार्थाबाईंनी शालनसाठी एक लांब कागदी पट्टा दिला. त्यावर खऱ्या मापाच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या शाईने काढल्या होत्या. "बाजा येईपर्यंत यावर बोटं बसवा," त्या म्हणाल्या.

पुढच्या सोमवारी दुकान बंद ठेवून दामूअण्णा शहरात गेला. बरोबर त्याने पितळी वजनांची पेटी घेतली होती. वाद्यांच्या दुकानात घाटपांडे नावाचा तरुण मालक होता. त्याने एक चांगला पियानो दाखवला. दामूअण्णाने तो सुरूच करू दिला नाही. पेटी उघडली, पहिल्या पट्टीवर पन्नास ग्रॅमचे वजन ठेवले आणि चिमट्याने एकेक ग्रॅमचे पत्र्याचे वजन वर चढवू लागला. पट्टी खाली बसली की आकडा वहीत लिही. मग पुढची पट्टी.

दुकानात आलेली दोन माणसे बघत उभी राहिली.

"काका," घाटपांडे म्हणाला, "गिऱ्हाईक वाजवून बघतं. तुम्ही तोलून बघताय. माझ्याकडे भाजी नाही हो मिळत."

दामूअण्णा हसला नाही. सगळ्या पट्ट्या झाल्यावर म्हणाला, "खालच्या पट्ट्यांना साठ ग्रॅम लागतात. वरच्या अठ्ठेचाळीसलाच बसतात. एकाच यंत्रात दोन मापं?"

"अहो, ते तसंच असतं. खर्जाकडे जड, वर हलकं. मुद्दाम केलंय."

"मुद्दाम खोटं माप ठेवणारे मी पुष्कळ बघितलेत," दामूअण्णा म्हणाला आणि पेटी बंद केली.

घरी आल्यावर शालनने दारातच विचारले, "आणला?"

"वाकडा निघाला. तुला खोटी वस्तू आणणार नाही मी. पुढच्या आठवड्यात दुसरीकडे बघतो."

शालनने मान हलवली. तिचा त्याच्यावर विश्वास होता. त्याचा काटा सगळ्या गावात खरा होता.

दुसऱ्या दुकानातल्या पियानोच्या दोन शेजारच्या पट्ट्यांत तीन ग्रॅमचा फरक निघाला. तिसऱ्या दुकानदाराने वजने ठेवू दिली नाहीत. चौथ्याचा पियानो सारखा होता, पण फार हलका. मार्थाबाईंनी भार लागला पाहिजे म्हटले होते, म्हणून तोही गेला. दर वेळी दामूअण्णा म्हणे, "पुढच्या आठवड्यात." वही भरत गेली. शोध चालू आहे तोवर आजारही थांबून राहील, असे त्याला आतून वाटत असावे.

इकडे शालन स्वयंपाकघरात ओट्याच्या कडेला कागद पसरून बसे. फोडणी टाकता टाकता मधेच येऊन बोटे ठेवी, त्यामुळे कागदावर हळदीचे डाग पडत. कागद वाजत नसे. ती डोळे मिटून मनात ऐके, मान हलवी, बोट एक पट्टी अलीकडे घेई, पुन्हा ऐके.

मार्थाबाई एकदा आल्या तेव्हा ती हळू, जड जिभेने म्हणाली, "बाई, सापडतेय बहुतेक."

"मग कोणती पट्टी कशानंतर, ते मला दाखवा. मी लिहून ठेवते."

"ऐकल्याशिवाय बरोबर की चूक कसं कळणार? चुकीची लिहिली तर चुकीचीच राहील." मग ती जरा हसली. "आणतील ते. आला की लिहू."

संक्रांतीला शालनने तिळगूळ स्वतः वळला. होळीला तिला पुरण घोटता आले नाही. पाडव्याला डब्याचे झाकण उघडेना. वैशाखात पदराची पिन दामूअण्णाच लावू लागला. पिन लावता लावता तो तिला सांगे की अमक्या शहरात नवे दुकान आहे, तिथे बहुतेक सारख्या वजनाचा मिळेल. ती ऐकून घेई. एकदाच ती म्हणाली, "अहो, वाकडा असला तरी चालेल."

"तुला चालेल. मला नाही चालणार," तो म्हणाला. त्याला वाटले, आपण प्रेमानेच बोललो. ते खरेही होते.

आषाढात मार्थाबाई पुन्हा आल्या. शालन खुर्चीत बसली होती, मानेला उशी लावलेली. शब्द आता एखाददुसराच फुटत होता. कागद भिंतीला टेकवून ठेवला होता. मार्थाबाईंनी घरभर नजर फिरवली.

"अण्णा, पियानो कुठाय?"

दामूअण्णाने वही आणून दाखवली. "नीट एकही मिळत नाही, बाई. हे बघा. खाली साठ, वर अठ्ठेचाळीस. सगळे चांगले म्हणवणारे असेच."

मार्थाबाईंनी दोन पाने उलटली आणि वही मिटली.

"खऱ्या पियानोतही असंच असतं. खालच्या सुरांचे हातोडे मोठे, म्हणून त्या पट्ट्या जड. वरचे लहान, म्हणून हलक्या. ही चूक नव्हे, अण्णा. पियानो असाच असतो. तुम्ही चांगलेच तेवढे नाकारत आलात." मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "आठ महिने झाले हो."

दुसऱ्या दिवशी सकाळी दामूअण्णा शहरात गेला आणि घाटपांड्याच्या दुकानातला तोच पहिला पियानो घेऊन आला. या वेळी त्याने वजनांची पेटी नेली नव्हती.

पियानो खिडकीपाशी मांडला. वायर जोडली. लहानसा हिरवा दिवा लागला. दामूअण्णाने शालनची खुर्ची पुढे सरकवली, तिचा उजवा हात उचलून पट्ट्यांवर ठेवला. तिचे पहिले बोट एका पट्टीवर नीट बसले. कागदावर इतक्या वेळा बसले होते की ते चुकले नाही.

काहीच वाजले नाही.

त्याला वाटले, आवाजाचे बटण खाली असेल. त्याने ते फिरवले. पुन्हा काही नाही.

"दाब ना," तो म्हणाला.

शालनने त्याच्याकडे पाहिले.

"दाबतेय," ती म्हणाली.

दामूअण्णाने त्या बोटाकडे पाहिले. पट्टी तसूभरही हलली नव्हती. त्या पट्टीला किती ग्रॅम लागतात, हे वहीत लिहिलेले होते. त्याने गावातला प्रत्येक काटा तोलला होता, चार शहरांतले पियानो तोलले होते. या बोटातले बळ रोज थोडे थोडे घटत होते, ते मात्र त्याने एकदाही तोलले नव्हते. आता तोलण्याची गरज उरली नव्हती.

मग त्याने आपले बोट तिच्या बोटावर ठेवले आणि दाबले. सूर वाजला. शालनचे डोळे मिटले आणि उघडले. पुढची पट्टी कोणती, हे तो एकेक पट्टी वाजवून विचारू लागला. चूक असली की ती स्थिर बघत राही. बरोबर असली की तिच्या पापण्या मिटत. दुसरा सूर सापडायला बराच वेळ लागला. तिसरा लवकर मिळाला. चौथा सूर म्हणजे पहिलाच निघाला, तेव्हा तिच्या तोंडाच्या कडेला हसू आल्यासारखे झाले. मग ती दमली. तिची मान उशीवर कलली.

"उरलेली उद्या काढू," दामूअण्णा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तिला श्वास पुरेना. तिला दवाखान्यात हलवले. तिसऱ्या दिवशी ती गेली.

दिवसपाणी झाले. नातेवाईक परतले. दामूअण्णाने कागदी पट्टा पियानोवर बरोबर जुळवून ठेवला. कागदावर हळदीचे सात डाग होते. चार सुरांनी त्यातल्या तीन पट्ट्या घेतल्या होत्या, कारण पहिली दोनदा आली होती. चार डाग उरले. चाल कोणत्या पट्ट्यांवर होती हे कागद सांगत होता. कोणत्या पट्टीनंतर कोणती, हे सांगत नव्हता. त्याने उरलेले चार सूर निरनिराळ्या क्रमांनी वाजवून पाहिले. बरोबर लागली तरी आपल्याला ती ओळखू येणार नाही, हे त्याच्या थोड्याच दिवसांत लक्षात आले. पापण्या मिटणारे समोर कुणी नव्हते.

तरी रोज सकाळी दुकान उघडण्यापूर्वी तो चार सूर वाजवी. पाचव्यापाशी थांबे. आळीतल्या लोकांना ते पाठ झाले.

काही महिन्यांनी आडतीवर काम करणारी लता बोरुडे काटा घेऊन दुकानात आली. तिची मुलगी मार्थाबाईंकडे शिकू लागली होती.

"अण्णा, तुम्ही म्हणे सगळे पियानो तोललेत," लता म्हणाली. तिने मोबाइलवर अकरा पियानोंचे फोटो साठवले होते. "दिवाळीपासून बघतेय हो मी. एकात हे चांगलं, तर दुसऱ्यात ते. कोणता घेऊ?"

दामूअण्णाने मोबाइल हातात घेतला नाही.

"पट्ट्या पूर्ण रुंदीच्या बघ. दाबताना थोडा भार लागू दे. हळू दाबली तर हळू वाजू दे. झालं."

"असे तर यात पाच आहेत. त्यातला सगळ्यात चांगला कोणता?"

"जो आज संध्याकाळपर्यंत घरी येईल तो."

लताला ती थट्टा वाटली. "अगंबाई! आणि माझा काटा? तो पण आजच द्या की मग. तुम्हीच तर तीनतीनदा बघत बसता."

दामूअण्णाने वजन काट्यावर ठेवले. काटा हलत राहिला. त्याने वाट पाहिली.

"काट्याला थांबता येतं, बाई," तो म्हणाला.

काटा रेघेवर आला. त्याने वजन उचलले आणि दुसऱ्यांदा ठेवले. लताने मोबाइल पिशवीत टाकला. मग काटा तिथेच ठेवून ती शहराच्या गाडीची वेळ विचारायला स्टँडकडे गेली.

तात्पर्य: निर्दोष वस्तूसाठी थांबण्यापूर्वी, ती ज्याच्यासाठी आणायची त्याला थांबता येणार आहे का, हे आधी तोलून पाहावे.