गिरजेचं खडप

पाय जरा जपून टाका. ओहोटी लागली तरी शेवाळ ओलंच असतं. या, या डबक्याशी वाका. पाण्यात केशरी पाकळ्या हलताहेत ना, ते फूल नाही, जिवंत जनावर आहे. पुस्तकात त्याला समुद्रफूल म्हणतात. आम्ही गिरजा म्हणतो. बोट नका लावू. एखादा लहानसा मासा त्या पाकळ्यांना टेकला तर लुळा पडतो आणि गिरजा त्याला पोटात ओढून घेते. पाणी उतरलं की ती मिटते, नुसता मांसाचा गोळा होऊन खडकाला चिकटून राहते. तुम्ही ओढलीत तर फाटेल, पण सुटणार नाही.

आता तो शंख बघा, चालतोय तो. आत कुर्ली आहे, खेकड्याची एक जात. तिचं पाठीमागचं अंग मऊ, कवच नसलेलं, म्हणून ती दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात राहते. आणि शंखावर बसलीय ती गिरजाच. कुर्लीला शंख अपुरा पडला की ती मोठा शोधते, आणि मग जुन्या शंखावरच्या गिरजेला नांगीनं हळूहळू थोपटते. कुणाला दाद न देणारी गिरजा तेवढ्यानं पाय सोडते आणि तिच्याबरोबर नव्या घरावर जाते. असं का होतं, ते आमच्या गावात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत.

फार पूर्वी या खडपावर, आपण उभे आहोत त्या खडकांवर, एक झोपडं होतं म्हणे. त्यात गिरजा नावाची बाई राहायची. बाप आणि नवरा एकाच तुफानात गेलेले, मागे कुणी नाही. त्या काळी समुद्रातून लुटारू यायचे, माणसं पकडून गलबतात घालायचे. गिरजेनं समुद्राच्या देवीला नवस केला, की मला इथून कुणी ओढून नेऊ नये. देवी पावली. म्हणाली, वाईट मनानं तुला जो हात लावील त्याचा हात भाजेल. पण तुझेही पाय या खडपावरून सुटणार नाहीत. ज्याला तू आपला म्हणशील, त्यानं मायेनं हात धरला तरच सुटशील. गिरजेनं ते मान्य केलं. तिला तरी कुठे जायचं होतं?

पुढे एकदा लुटारूंच्या तावडीतून सुटलेला एक जवान पोहत खडपाला लागला. त्याचं नाव धाकू. पाठोपाठ लुटारूंची होडी आली. गिरजेनं धाकूला झोपड्यात ढकललं आणि स्वतः दारात उभी राहिली. पहिल्या लुटारूनं तिचा दंड धरला, तो ओरडत पाण्यात पडला. बाकीचे होडी वळवून पळाले. तेव्हापासून त्या खडपाकडे कुणी वाकड्या नजरेनं बघेना.

धाकू तिथेच राहिला. गिरजेनं त्याला भाऊ मानलं. तो मासे मारायचा, आणि तिला खडप सोडता येत नाही म्हणून जाळ्यातला पहिला वाटा आधी तिच्यापुढे ठेवायचा. ती खायची, तिच्या पानातलं उरलेलं तो खायचा. तिच्या धाकानं त्याची होडी कुणी अडवत नसे. समुद्राचं पाणी ओंजळीत घेऊन तो तिला म्हणाला होता, "बाय, जंय माझा घर, थंय तू."

त्याचा जम बसला. खाडीपलीकडच्या बंदरातल्या मोठ्या तांडेलाच्या, गलबत हाकणाऱ्या नाखव्याच्या, नजरेत तो भरला. तांडेलाला एकच मुलगी. घर माडीचं, दारात गलबत. त्यानं धाकूला जावई करायचं ठरवलं, पण हात लावताच भाजणारी बाई आपल्या उंबऱ्याच्या आत नको, असं स्पष्ट सांगितलं. धाकूनं मान खाली घातली. मग हो म्हणाला.

गिरजेला त्यानं एवढंच सांगितलं, की नवीन घर बघितलंय, पुढच्या भरतीला होडी घेऊन तुला न्यायला येतो. तिला आनंद झाला. तिनं झोपडं सारवलं, देवीला दिवा लावला, दोन लुगड्यांचं गाठोडं बांधलं आणि पाण्याच्या कडेला, अगदी खालच्या खडकावर जाऊन बसली.

भरती चढायला लागली. खाडीवर तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी, चालवणारा सोमा म्हातारा तिथून जात होता. तो तिला म्हणाला, वर ये, पाणी वाढतंय. ती म्हणाली, भाऊ येतोय. सोमानं होडी खडकाला लावली. मग त्यानं पलीकडे काय बघितलं ते सांगून टाकलं. तांडेलाच्या दारात मांडव घातला होता. धाकूच्या कपाळाला मुंडावळ्या होत्या.

सोमानं तिचा हात धरला. त्याच्या मनात वाईट नव्हतं, म्हणून त्याचा हात भाजला नाही. पण तिचे पाय काही सुटेनात. ज्याला आपला म्हटलं तोच फिरल्यावर ते वर झोपड्याकडेही जाईनात. सोमा रडायला लागला. गिरजा रडली नाही. ती म्हणाली, "लुटारूंका मी वळाखलंय. ह्येकाच वळाखूक नाय."

तिनं हात छातीशी घेतले, मान आत घातली, अंग आवळून बसली. पाणी तिच्यावरून गेलं. ओहोटीला सोमा परत आला तेव्हा तिथे बाई नव्हती. खडकाला एक गोळा चिकटलेला होता, आणि पुढच्या भरतीत तो उमलला.

गिरजेचा धाक संपल्याची बातमी लुटारूंना लागायला वेळ लागला नाही. त्यांनी तांडेलाची माडी जाळली, गलबत नेलं. हा अपशकुनी म्हणून सासऱ्यानं धाकूला हाकलला. तो कधी याच्या पडवीत, कधी त्याच्या गोठ्यात राहिला आणि सगळीकडून निघाला. शेवटी या खडपावर आला. त्या फुलापुढे बसून काय बोलला ते कुणाला ठाऊक नाही. लुटारूंच्या भीतीनं एवढा आक्रसला, की एका रिकाम्या शंखात मावला. आतून हात काढून तो फुलाला थोपटत राहिला. पुष्कळ वेळ थोपटल्यावर फुलानं खडक सोडला.

गिरजेनं त्याला माफ केलं, असं बरेच जण सांगतात. माझी आते मात्र ते मानायची नाही. ती म्हणायची, तिला सोडवणारा दुसरा हातच नव्हता, मग ती करणार काय? त्याच्या पाठीवर बसली, पण त्याच्याकडे तोंड करून नाही.

आजही आमच्या गावात नवं घर झालं, की देव आणि धान्य न्यायच्या आधी घरातल्या थोरल्या बाईला हात धरून न्यायचं असतं. गेल्या साली भास्कर कुबलानं हमरस्त्यावर बंगला बांधला. आईला आणायला त्यानं गाडी आणि ड्रायव्हर धाडला. म्हातारी जुन्या घराच्या ओट्यावरून हलली नाही. दुपार झाली, भटजी खोळंबले, तेव्हा भास्कर स्वतः आला आणि हात पुढे केला. तिनं लगेच हात दिला नाही. आधी त्याच्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिली.