दोन चुलींचा एक विस्तव

ज्या काळी कायदे दवंडीबरोबर गावात येत आणि बरेचसे दवंडीबरोबरच गावाबाहेर जात, त्या काळची ही गोष्ट आहे. बाळांनो ऐका, आणि बाळांच्या आजोबांनीही ऐकायला हरकत नाही.

नदीकाठच्या एका गावात बुरुडाचं एक घर होतं. घरात एक म्हातारी, तिचे दोन मुलगे, दोन सुना आणि त्यांची पोरं. थोरला मुलगा बांबू चिरून कामट्या काढायचा, धाकटा त्यांची सुपं आणि टोपल्या विणायचा. घर एक, अंगण एक, धंदा एक. चुली मात्र दोन. पुढची चूल थोरलीची, मागच्या पडवीतली धाकटीची.

म्हातारीने आपल्या सासूकडून आलेली एक रीत घालून दिली होती. एका रात्री थोरलीने आपल्या चुलीतला विस्तव राखेत झाकून जपायचा आणि सकाळी धाकटीने खापर घेऊन तो मागायला यायचं. दुसऱ्या रात्री धाकटीने जपायचा आणि थोरलीने मागायला जायचं. म्हणजे कायमची देणारी कुणी नाही आणि कायमची मागणारीही कुणी नाही. आणखी एक अट होती. विस्तव मुक्याने द्यायचा नाही, सोबत एखादा शब्द द्यायचा.

"आणि आदल्या दिवशी भांडण झालेलं असलं तर?" धाकटीने नवी नवरी असताना विचारलं होतं.

"मग शिवी दे. शिवीही शब्दच आहे," म्हातारी म्हणाली होती.

अशी त्या घराची वर्षं गेली. भांडणं व्हायची, पण ती रात्रीपुरतीच. सकाळी विस्तव लागायचाच.

एकदा त्या देशाचा राजा शिकारीहून परतत होता. शिकार मिळाली नव्हती, त्यामुळे त्याला प्रजेकडे बघायला वेळ होता. त्याला दिसलं की बऱ्याच घरांवर धुराच्या दोन दोन रेघा आहेत. त्याने दरबारातल्या पंडिताला कारण विचारलं.

"महाराज, भाऊ वेगळ्या चुली मांडतात. कुटुंब मोडत चाललं आहे," पंडित म्हणाला. "पूर्वी असं नव्हतं."

"पूर्वी म्हणजे कधी?"

"याच्या आधी, महाराज."

राजाला हे पटलं. पूर्वजांच्या घरी एकच चूल असे हे पंडिताने ग्रंथांतून सिद्ध केलं. पूर्वजांच्या बायकांना कुणी विचारलं नाही; त्यांनी ग्रंथ लिहिले नव्हते. पंडिताच्या स्वतःच्या घरी चूलच नव्हती, तो राजवाड्यात जेवत असे. आणि राजवाड्यात तर कायद्याचं पालन आधीपासूनच होत होतं. राजाला एकच भाऊ होता आणि त्याला राजाने तळघरात कोंडलं होतं, त्यामुळे वेगळ्या चुलीचा प्रश्न तिथे कधी उद्भवला नव्हता.

कायदा झाला. आईबापांचा मान राहावा आणि भावाभावांत प्रेम नांदावं म्हणून यापुढे एका घरात एकच चूल. दुसरी चूल जो पेटवील त्याने सूर्य मावळायच्या आत राज्य सोडावं. कायदा पाळला जातो का हे बघायला धूरखातं निघालं आणि गावोगाव एकेक धूरकारकून नेमला गेला. त्याचं काम सोपं होतं. सकाळी टेकडीवर जायचं आणि घरांकडे बघायचं.

दवंडी ऐकून शेजारीण धावत म्हातारीकडे आली. "तुझ्या बाजूचा कायदा आला गं! आता सुना मुठीत राहतील."

"मुठीत धरून करू काय त्यांचं?" म्हातारी म्हणाली. "जेवायला बसलं की मूठ उघडावीच लागते."

पण हुकूम तो हुकूम. पडवीतले तीन दगड उचलून गोठ्याच्या भिंतीला लावले गेले आणि धाकटीची भांडी पुढच्या चुलीजवळ आली.

पहिल्या महिन्यात खूप भांडणं झाली. थोरली जाड भाकरी थापायची, धाकटी पातळ. थोरलीला तिखट लागायचं, धाकटीच्या पोरांना ते सोसायचं नाही. साय कुणाच्या पोराच्या वाटीत गेली यावरून एकदा दोन्ही भाऊ ताटावरून उठले. पूर्वीही भांडणं व्हायची, पण तेव्हा सकाळी एकीला दुसरीच्या दारात जावं लागायचं. आता दोघी एकाच चुलीपुढे बसलेल्या. जायचं कुणी आणि कुठे? कुणाला कुणाकडे काही मागायचंच उरलं नव्हतं.

दुसऱ्या महिन्यात भांडणं थांबली, कारण बोलणंच थांबलं. एक स्वयंपाक करून उठायची, मग दुसरी येऊन आपल्या नवऱ्याला वाढायची. भाऊ पाठीला पाठ लावून काम करत. थोरला न विचारता सुपाच्या कामट्या काढी आणि धाकटा न विचारता त्यांची टोपली विणी. अशी टोपली बाजारात लोक उचलून बघत आणि हसून खाली ठेवत.

धूरकारकून एकदा घरात डोकावून गेला. धूर एक, आवाज शून्य. तो खूश झाला. इतकं शांत घर त्याने गावात दुसरं पाहिलं नव्हतं. त्याने वर कळवलं की बुरुडाचं घर हे आदर्श कुटुंब आहे.

चौथ्या महिन्यात वरून उत्तर आलं, की प्रधानजी स्वतः शेला आणि नारळ घेऊन येतील आणि त्या घराच्या दारावर तांब्याचा पत्रा ठोकतील.

नेमकं त्याच सुमारास धाकटा आईजवळ येऊन बसला. हातातल्या कामटीची साल काढत तो म्हणाला,

"आई, मी नदीपलीकडे जातो. सासरे जागा देतायत. तिकडे हा कायदा नाही."

"दादाला सांगितलंस?"

"दादाशी बोलणं कुठे आहे?"

नदीपलीकडे गेलेली माणसं म्हातारीने पाहिली होती. पहिल्या वर्षी ती सणाला येतात. दुसऱ्या वर्षी त्यांचा निरोप येतो. त्यानंतर निरोप येतो तो सुतकाचा. धाकट्याला अडवण्यासारखं तिच्याजवळ काही नव्हतं. आईच्या मानासाठी एवढा मोठा कायदा झाला होता, पण आईने त्यात काय बोलायचं हे कुठे सांगितलेलं नव्हतं.

धाकट्याने गाडी भरायला घेतली तेव्हा धूरकारकून घाबरून धावत आला. "अरे, प्रधानजी उद्या येतायत! ते येऊन जाईपर्यंत तरी एकत्र राहा. पत्रा ठोकून झाला की मग काय मोडायचं ते मोडा."

धाकट्याने भरलेली गाडी घरामागे नेऊन तिच्यावर गवत टाकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी घर सारवलेलं होतं, दाराला तोरण होतं. भाऊ नवे पटके बांधून दाराच्या दोन बाजूंना दोन खांबांसारखे उभे होते. सुना आत होत्या, एक चुलीजवळ आणि दुसरी जात्याजवळ. म्हातारीने दोघींकडे पाहिलं. मग खापर घेतलं आणि ती थोरलीपुढे येऊन उभी राहिली.

"विस्तव दे गं थोडा."

या घरात हे शब्द थोरलीने चार महिन्यांत ऐकले नव्हते. तिने चिमट्याने दोन निखारे खापरावर ठेवले. सोबत शब्द द्यायचा असतो हे तिला आठवलं, पण कुठला द्यावा ते सुचेना.

"जपून, सासूबाई. भाजेल," ती एवढंच म्हणाली.

म्हातारी मागे गेली. गोठ्याच्या भिंतीचे तीन दगड तिने पडवीत ओढून आणले, त्यांत गोवऱ्या रचल्या, निखारे ठेवले आणि फुंकर घातली. वर डाळीचं भांडं चढवलं. मग आपल्या एका लुगड्याचं गाठोडं बांधून ती दाराशी येऊन बसली.

प्रधानजींची पालखी वेशीतून आत आली तेव्हा आदर्श कुटुंबाच्या घरावर धुराच्या दोन रेघा सरळ उभ्या होत्या. धूरकारकुनाने एकदा वर पाहिलं आणि पुन्हा पाहिलं नाही.

"हे काय?" प्रधानजींनी विचारलं. "दुसरी चूल कोणी पेटवली?"

"मी पेटवली, सरकार," म्हातारी म्हणाली.

"तुम्ही? अहो आजीबाई, हा कायदा तुमच्यासाठीच तर केला! ही वेगळी चूल तुम्हाला सुनांनी शिकवली काय?"

"सुना कशाला शिकवतील? मला माझ्या सासूने शिकवली, तिला तिच्या सासूने. आमच्या घरी पूर्वीपासून दोन चुली आणि एक विस्तव. पंडितांचं पूर्वी आणि आमचं पूर्वी निराळं असेल." ती गाठोडं घेऊन उठली. "कायदा मला ठाऊक आहे. सूर्य मावळायच्या आत निघते. नदीपलीकडे न्यायला नाव कोण वल्हवतंय तेवढं सांगा."

दारातले दोन खांब हलले.

"आईला मी नेतो," थोरला म्हणाला.

"तू कुठे नेणार?" धाकटा उसळला. "पलीकडे ओळख माझी आहे."

"ओळख तुझी असेल. आई माझी आहे."

"आणि माझी नाही?"

"मग चार महिन्यांत एकदा तरी 'दादा' म्हणालास?"

"तू हाक मारलीस?"

आवाज ऐकून सुना बाहेर आल्या. "आणि सासूबाईंनी तिकडे काय खायचं?" थोरली म्हणाली. "तुझ्या त्या कागदासारख्या भाकऱ्या?"

"हो, कागदासारख्याच!" धाकटी म्हणाली. "त्यांना दात आहेत का, जाऊबाई? तुमची जाड भाकरी सासूबाई ताकात बुडवून गिळतात. पाठ फिरवून गिळतात, तुम्हाला दिसू नये म्हणून."

थोरलीचा पदर तोंडाशी गेला. "मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगायला कधी येऊ? आधी सकाळी विस्तवाला यायची, तेव्हा सगळं सांगायची."

यावर दोघी रडल्या, आणि रडता रडता सायीवरून पुन्हा भांडल्या. भाऊ कामट्यांवरून भांडत होते. शेजारपाजारचे लोक जमले. प्रधानजींच्या हातातला नारळ हातातच राहिला.

"हे न भांडणारं घर ना?" त्यांनी कारकुनाला विचारलं. उत्तर म्हातारीने दिलं.

"चार महिने ही धर्मशाळा होती, सरकार. घर आत्ता झालं."

प्रधानजी जुने आणि व्यवहारी गृहस्थ होते. आईबापांच्या मानासाठी केलेल्या कायद्याखाली एका आईला हद्दपार केलं, तर त्याची दवंडी पिटावी लागेल हे त्यांच्या ध्यानात आलं. कायदा मागे घ्यावा, तर राजा चुकला असं होईल. ते मागच्या पडवीत गेले आणि भांड्यात डोकावले.

"यात काय शिजतंय?"

"डाळ, सरकार."

"डाळीत पाणी आहे?"

"पाण्याशिवाय शिजेल कशी?"

"मग पाणी तापतंय असं म्हणा," प्रधानजी म्हणाले. "पाणी तापतं ती न्हाणीची चूल. न्हाणीच्या चुलीबद्दल कायद्यात काही म्हटलेलं नाही."

त्यांनी शेला आणि नारळ म्हातारीच्या पदरात घातला, पत्रा परत घेतला आणि ते गेले.

कायदा रद्द झाला नाही. तो आजही असेल. फक्त त्या वर्षापासून त्या राज्यात घरोघरी दुसरी न्हाणीची चूल निघाली, आणि तिथली प्रजा दिवसातून चार वेळा कढत पाण्याने आंघोळ करते अशी ख्याती परदेशांत झाली. न्हाणीतून पिठल्याचा वास का येतो हे विचारण्याइतका उद्धट पाहुणा तिथे कुणी आला नाही.

राजवाड्यात मात्र चूल एकच राहिली. एका पावसाळी संध्याकाळी ती विझली. सेवक विस्तवासाठी भिजत गावाकडे धावला, तो येईपर्यंत राजा उपाशी बसला. "जवळपास कुणाकडे विस्तव नाही का?" त्याने विचारलं. जवळ भाऊ होता. पण तळघरात चूल मांडायची परवानगी नव्हती.

आणि बुरुडाच्या घरी? प्रधानजी गेले त्याच संध्याकाळी धाकट्याने गाडीवरचं गवत काढून बैलांपुढे टाकलं. मग कुणी कुणाचं किती ओझं उचलावं यावरून वाद घालत दोघा भावांनी सामान उतरवलं. रात्री थोरलीने विस्तव राखेत झाकला. सकाळी उजाडता उजाडता म्हातारीला अंथरुणातच उंबऱ्यावर पावलं वाजलेली ऐकू आली.

"जाऊबाई, विस्तव."

"घे, भांडकुदळे. आणि दोन पातळ भाकऱ्या थापून पाठव म्हातारीला."

म्हातारीने कूस बदलली आणि ती पुन्हा झोपली.

तात्पर्य: एका चुलीने घर एक होत नाही, एकमेकांच्या दारी विस्तव मागायला जाण्याने होतं.