तुफान सशाचा आवाज

एकदा एका आईच्या ध्यानात आलं, की आपल्या मुलीला भित्रेपणाचे धडे कोणी परकं माणूस देत नसून आपण स्वतःच देत आहोत. तेही रोज संध्याकाळी साडेपाच वाजता, आणि अगदी स्पष्ट उच्चारांत.

ही आई आवाज देण्याचं काम करी. मुलांच्या मालिका परदेशातून येत. त्यांतली चित्रं तिकडची, बोलणं मात्र इकडचं. चित्रातल्या प्राण्याचे ओठ हलायला लागले, की त्या हालचालीत आपले शब्द बेतून बसवायचे, अशी ही विद्या. ती तिला शिकवली एका वृद्ध स्त्रीने. त्या सत्तरीला टेकल्या होत्या, अंगाने काटकुळ्या होत्या, आणि लहानथोर सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणत.

त्या वर्षी तुफान नावाच्या सशाची मालिका घरोघरी लागत होती. सृष्टीने ससा भित्रा घडवला, हे सर्वांना ठाऊक आहे. पण मालिका काढणाऱ्यांनी त्याला शूर करून टाकला, आणि त्यात त्यांना काही अडचण आली नाही. त्याच जातीची, त्याच रानातली रुणझुण मात्र होती तशी भित्रीच ठेवली. रुणझुण विहिरीत पडे, वेलींत अडके, लांडग्याच्या तावडीत सापडे आणि प्रत्येक भागात निदान एकदा म्हणे, "तुफान, वाचव मला." हा रुणझुणचा आवाज आपल्या या आईचा.

तिची मुलगी मनवा सहा वर्षांची. आईने तिला मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं, "रुणझुण म्हणजे मी बरं का." मनवाने ते वर्गात सांगितलं, इमारतीत सांगितलं, भाजीवालीलाही सांगितलं. तुफान कोण, हे मात्र आईने सांगितलं नाही. मुलांच्या कल्पनेतली जादू मोडू नये, असं तिने बालसंगोपनाच्या एका पुस्तकात वाचलं होतं. तशी पुस्तकं तिच्याकडे अकरा होती, आणि शंका बावीस पुस्तकांना पुरतील इतक्या.

मनवा शाळेजवळच्या मैदानात मल्लखांब शिकायला जाई. जमिनीत पुरलेला तो गुळगुळीत लाकडी खांब, वर निमुळता होत गेलेला, आणि अगदी टोकाला लाकडाचं गोल बोंड. जूनमध्ये मनवा खारीसारखी वर जाई. बोंड हातभर उरलं होतं. दिवाळीच्या सुमाराला मात्र काहीतरी बिनसलं. ती अर्ध्यावर पोचे, थांबे, एक हात हवेत पसरे आणि हाक मारी, "शौनक, वाचव मला." तिथेच शिकणारा शौनक तिच्याहून वर्षाने मोठा. तो बिचारा धावत येई आणि तिला कमरेला धरून खाली उतरवी.

आईने हे पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ती मैदानाच्या कडेला उभी होती. हाक तिने लगेच ओळखली. शेवटचा 'मला' किंचित लांबवलेला, त्याच्याआधी अर्धा हुंदका. हाच हुंदका बसवायला तिने न्हाणीघरात तीन दिवस सराव केला होता. मनवाची नक्कल निर्दोष होती. आईला क्षणभर अभिमान वाटला, आणि लगेच त्या अभिमानाची लाज वाटली.

घरी जाताना तिने सावधपणे विचारलं, "मनू, तुला वर भीती वाटते का गं?"

"नाही."

"मग थांबतेस का?"

"वर तुफान जातो ना. रुणझुण खाली टाळ्या वाजवते." मनवाने हे पाढा म्हणावा तसं सांगितलं. "आई, शनिवारी सर विचारणार आहेत, कोणकोण पुढच्या गटात येणार. मी नाही म्हणून सांगणारे. मल्लखांब मुलांचा असतो."

"असं कोण म्हणालं?"

"तूच नाही का म्हणत रोज?"

यावर कोणत्याच पुस्तकात उत्तर नव्हतं. त्या रात्री आईने मनाशी ठरवलं, की भूमिका सोडायची. मग तिला वाटलं, आपण सोडली तर दुसरी कोणी तरी हेच ओरडेल. मग वाटलं, ही आपली पळवाट आहे. मग वाटलं, आपण उगाच फार विचार करतो. असं करत करत पहाट झाली.

दुसऱ्या दिवशी ती बाईंकडे गेली आणि तिने सगळं सांगितलं. "बाई, मी रुणझुण सोडते," ती म्हणाली. "माझ्या आवाजाने माझीच मुलगी अर्ध्यावर थांबलीय."

बाई शेंगा सोलत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, एक शेंग शिष्येच्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "उद्या मनवाला घेऊन ये. तिला सकाळी नीट खाऊ घाल."

"पण बाई, मी काय करू?"

"सांगितलं ना. खाऊ घाल."

दुसऱ्या दिवशी मायलेकी ध्वनिमुद्रणाच्या खोलीत पोचल्या. भिंतींना जाड कापड, मधोमध मायक्रोफोन, समोर मालिका दिसणारा मोठा पडदा. काचेपलीकडे ध्वनिमुद्रक बसला होता. बाई तीन जिने चढून धापा टाकत आल्या, पाणी प्यायल्या, आणि मग त्यांनी एक विचित्र गोष्ट केली. खांद्यावरची शाल काढली आणि ती समोरच्या पडद्यावर पसरून टाकली. तुफानही दिसेना आणि रुणझुणही.

ध्वनिमुद्रक काचेआडून म्हणाला, "बाई, चित्र झाकलंत. ओठ कसे जुळवणार?"

"आज नाही जुळवायचे."

"मग मी काय मुद्रित करू?"

"तू चहा पी."

आई मनात चरकली. एवढ्या अनुभवी बाई, आणि ओठ न पाहता काम करायचं म्हणजे आचाऱ्याने डोळे बांधून फोडणी घालण्यासारखंच झालं. वय झालं असावं, असा एक कृतघ्न विचारही तिच्या मनाला शिवून गेला.

बाईंनी मनवाला जवळ बोलावलं. तिचे दोन्ही तळहात स्वतःच्या पोटावर ठेवले. "घट्ट धर. सोडू नकोस." मग त्यांनी चपला काढल्या, पदर खोचला, डोळे मिटले. आणि त्या काटकुळ्या देहातून गर्जना निघाली, "थांब लांडग्या, आधी माझ्याशी गाठ आहे."

मनवाचे हात उडाले. तिने झाकलेल्या पडद्याकडे पाहिलं, शालीची कड उचलून मागे पाहिलं, मग बाईंच्या तोंडाकडे पाहिलं.

"आजी, तुफान कुठे गेला?"

"कुठे जाईल? इथेच आहे. ठेव हात."

बाईंनी पुन्हा श्वास घेतला. या वेळी त्यांच्या तोंडून आली ती रुणझुणची हाक, हुंदक्यासकट. ती ऐकून आईच्या मनात आलं, बाईंची हाक आपल्याहून चांगली आहे. पण मनवाचं तिकडे लक्ष नव्हतं. ती हातांखाली काय हललं, ते तपासत होती.

"दोन्ही इथूनच आलं," ती हळूच म्हणाली.

"दुसरीकडून कुठून येणार?"

"तू तुफान आहेस?"

"सहा वर्षं झाली. त्याच्याआधी मी हत्तीची दोन पिल्लं होते, एक राजपुत्र होते आणि एक यंत्रमानव होते. त्याचं बोलणं फार सोपं. श्वासच घ्यायचा नाही."

"सगळे मुलगेच?"

"सगळे. मुलांचे आवाज तेराव्या-चौदाव्या वर्षी फुटतात ना. मालिका तर पुढे चालूच राहते. मग म्हाताऱ्यांना बोलावतात."

मनवाने हा सगळा मजकूर शांतपणे पचवला. मग तिने नेमका प्रश्न विचारला. "पण तुफान कशालाच घाबरत नाही. तू घाबरतेस?"

"झुरळाला. उडणाऱ्या."

काचेपलीकडे ध्वनिमुद्रकाला चहाचा ठसका लागला. मनवा आधी गालांत हसली, मग ओठ मिटून हसली, मग खालीच बसली. "तुफान झुरळाला घाबरतो," ती म्हणत राहिली. "आई, तुफान झुरळाला घाबरतो."

हसू ओसरल्यावर बाई शिष्येकडे वळल्या. "आता तू. तुफानचं वाक्य म्हण."

"मी? बाई, माझ्या आवाजाची जात वेगळी आहे."

"कोणी सांगितलं?"

आई मायक्रोफोनसमोर उभी राहिली. ती दोन विषयांत पदवीधर होती; स्त्रीपुरुष समानतेवर तिने महाविद्यालयात वक्तृत्वाचं पारितोषिकही मिळवलं होतं. तिने तोंड उघडलं, आणि "थांब लांडग्या" हे शब्द असे बाहेर पडले, जणू ती लांडग्याला म्हणत होती, तुमची हरकत नसेल तर जरा थांबता का.

"आई, तो थांबणार नाही," मनवा म्हणाली.

दुसऱ्यांदा आवाज चढला, पण शेवटी लचकला. ध्वनिमुद्रकाने काचेआडून सहानुभूतीने मान हलवली. ती सहानुभूती तिला फारच लागली. मनवा उठली, तिने आईची ओढणी बाजूला केली आणि दोन्ही तळहात तिच्या पोटावर दाबून धरले. "गळ्यातून नको. इथून. आजी इथून म्हणते."

आईने श्वास घेतला. मुलीच्या हातांना तो जाणवेल म्हणून जरा अधिकच घेतला. आणि मग जे बाहेर पडलं, ते तिच्या ओळखीचं नव्हतं. काचेपलीकडच्या यंत्राचे सगळे दिवे तांबडे झाले, ध्वनिमुद्रकाने कानांवरचा हेडफोन ओढून काढला, आणि मनवा दोन पावलं मागे सरकली. तिच्या चेहऱ्यावर अपार समाधान होतं.

"आता थांबला," ती म्हणाली.

मग ती तांबडे दिवे पाहायला काचेपलीकडे पळाली. खोलीत गुरू-शिष्या दोघीच उरल्या. आईला कारण नसताना हसू येत होतं.

बाई शाल काढून तिची घडी घालू लागल्या. "तुला नवल वाटलं असेल, म्हातारीने पडदा का झाकला. ऐक. धाडस आणि भीती ही एकाच श्वासाची दोन रूपं. प्रत्येकाच्या पोटात दोन्ही असतात. चित्र काढणाऱ्याने काय केलं, एका जिवाचे दोन तुकडे केले. धाडस सगळं सशाला दिलं, भीती सगळी सशीला. ते पाहणारी मुलगी म्हणते, माझ्या वाट्याला भीती आली. मुलगा म्हणतो, मला घाबरायची बंदी आहे. दोघंही अर्धीच राहतात. चित्र झाकलं, की तुकडे दिसत नाहीत. मग उरतं ते माणूस."

"आणि मी तिला फक्त रुणझुणच सांगितली," आई म्हणाली. "जादू मोडेल म्हणून तुफान लपवला."

"मोडली का जादू?"

काचेपलीकडून मनवाचा आवाज येत होता. ती ध्वनिमुद्रकाला बजावून सांगत होती, की तिच्या घरी आता दोघंही राहतात.

"मग रुणझुणचं काम सोडू की नको?"

"तू सोडलंस तर ती अर्धीच राहील. आत राहा, आणि संवाद लिहिणाऱ्या लेखकाशी भांड. दहा वाक्यं बदलून माग, एक मिळेल. मला सहा वर्षांत चौदा मिळाली." बाईंनी शाल खांद्यावर टाकली. "आणि भांडताना गळ्यातून भांडू नकोस."

शनिवार उजाडला. मैदानात सरांनी पुढच्या गटासाठी एकेका मुलाला नाव घेऊन बोलावलं. मनवाचं नाव आलं, तेव्हा ती आईकडे न पाहता खांबाकडे गेली. तिने पकड घेतली, पाय आवळले, आणि चढू लागली. अर्ध्यावर पोचली, आणि थांबली.

शौनक सवयीने पुढे आला आणि हात पसरून खाली उभा राहिला.

"शौनक," वरून आवाज आला, "मला भीती वाटतेय."

"ये, धरतो."

"नको. वाटू दे जरा."

सगळं मैदान त्या 'जरा'साठी थांबलं. मनवा खांबाला गाल लावून डोळे मिटून राहिली. तिचं पोट आत-बाहेर होताना खालून दिसत होतं. मग तिने पकड सरकवली, पुन्हा सरकवली, एकदा घसरली, शिंकली, पुन्हा वर गेली. आणि तिचा उजवा हात बोंडावर पडला. सरांनी वहीत काहीतरी लिहिलं. आईने टाळ्या वाजवल्या, मनसोक्त वाजवल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत आज सरही होते आणि मुलगेही, त्यामुळे तिला त्यात काही गैर वाटलं नाही.

शौनकचे हात अजून तसेच पसरलेले होते. ते त्याने हळूहळू खाली घेतले आणि तो आईजवळ येऊन उभा राहिला. खांबाकडे बघत म्हणाला, "काकू, वर गेल्यावर मलाही भीती वाटते. पण आपण सांगायचं नसतं ना?"

"का रे?"

"तुफान सांगत नाही."

इतके दिवस आपण एकाच लेकराच्या काळजीत होतो, हे तेव्हा आईला उमगलं. ती खाली वाकली.

"तुफानला मी चांगली ओळखते," ती म्हणाली. "बस इथे, त्याची गोष्ट सांगते."

पडद्यावर कोण शूर आणि कोण भित्रं, ते मुलं आपलीआपण पाहतात. त्या दोघांमागे श्वास एकच आहे, हे मात्र शेजारी बसलेल्या माणसाने सांगावं लागतं.