अर्धा काप

वेंगुर्ल्याच्या बाजूला करमळवाडी नावाचं एक गाव. तिथल्या चॅपेलच्या उतारावर घाटावरून आलेले इनासबाबा झोपडी बांधून राहिले आणि गावाचं भाग्यच उजळलं! बाबा दिवसभर आंब्याची कलमं बांधत, संध्याकाळी पोराटोरांना प्रभू येशूच्या गोष्टी सांगत. सुरी हातात घेण्याआधी डोळे मिटून प्रार्थना करणार म्हणजे करणारच!

पिदाद ही त्यांची लाडकी शिष्या. तिची आई वारली होती, पण आईने वाढवलेला आंबा अजून उभा होता. जमीन मात्र आता गाबरूशेटची, आणि चॅपेलमध्ये पहिल्या बाकावर बसणाऱ्या शेटला त्या खोडाची होडी करायची होती! त्या जातीचं दुसरं झाड कुठेच नव्हतं. म्हणून पिदादने घाईघाईने, पावसाळ्याची वाट न पाहता, भर थंडीत कलम बांधलं. कुंडीतलं रोप फांदीजवळ आणायचं, दोघांची साल तासून घट्ट बांधायचं, जोड धरला की फांदी मूळ झाडापासून कापायची. आधी अर्धा काप, मग पुरता. पिदादने अर्धा काप दिला आणि पुढे तिचा हात धजेना.

एके दिवशी शेटने तिला अंगणात बोलावलं. "काय गो पिदाद, झाड उद्या पाडूचा आसा. तुझ्या कलमाक खत कसला घालतलंस? त्या बाबाच्या प्रार्थनेचा?"

अंगणातली माणसं खो खो हसली. आणि बरं का, पिदादही हसली! शेटचा धाक, दुसरं काय? हसता हसता तिने मान वळवली, तर अंगणाच्या दगडी गडग्यापाशी बाबा उभे. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि ते निघून गेले.

पिदाद धावतच त्यांच्या झोपडीत गेली.

"बाबा, मी हसले."

"ऐकलं गं मी."

"चॅपेलमध्ये मी प्रभूची असते, शेटच्या अंगणात शेटची होते. मी खोटारडी आहे का हो?"

बाबा म्हणाले, "खोटारडी नाहीस, बाळ. भ्यालेली आहेस. कलमाला अर्धा काप देऊन थांबलीस ना, तसंच मनाचं केलंयस. जुनं झाड सोडवत नाही, नवं मूळ धरवत नाही."

"पण कापलं आणि मेलं तर?"

"कापायचं तुझ्याकडे. जगवायचं त्याच्याकडे."

दोघांनी गुडघे टेकले. "प्रभू," पिदाद रडत म्हणाली, "हे मन आता सगळंच घे."

सकाळी कुऱ्हाडीवाले आले. सगळ्यांसमोर पिदाद पुढे झाली. आवाज थरथरत होता, पण निघाला! "शेट, काल मी हसलंय, ता खोटा. बाबांच्या देवार माझो विश्वास आसा." आणि तिने उरलेला काप दिला.

"मेला ता!" शेट गरजला. "चुलीत घाल!"

झाड कोसळलं. कलमाची पानं गळली, नुसती काटकी उरली. येता-जाता लोक विचारत, "काय, आंबे कधी?" पिदाद रोज पाणी घाली, मोठ्याने प्रार्थना करी. आता तिला कुणाची लाज वाटेना. काटकी तशीच राहिली, पण ती डगमगली नाही.

आणि ईस्टरच्या सकाळी, काय सांगू! त्या वाळक्या काटकीवर तांबूस, चकचकीत पालवी!

बातमी कळताच शेट तरातरा पिदादच्या दारी आला. उंच माणूस, उभ्याने त्याला काही दिसेना. तो वाकला. तरी दिसेना. शेवटी मातीत गुडघे टेकले, एक कोवळं पान हलकेच चुरडून नाकाशी धरलं, आणि त्याचे डोळे भरून आले.

"तुझ्या आयशीच्या आंब्याचोच वास गो ह्यो! ल्हानपणी मी चोरून खाय, नि ती माका आणखी देय."

तसाच गुडघ्यांवर वळून तो मागे उभ्या असलेल्या बाबांच्या पायांवर डोकं ठेवू लागला. बाबांनी त्याला खांद्याला धरून अडवलं. "माझ्यापुढे नको, शेट. ज्याने जगवलं त्याच्यापुढे. आणि टेकलेच आहात गुडघे, तर उठू नका."

पिदाद शेटच्या शेजारी गुडघे टेकून बसली. इनासबाबा दोघांच्या मागे.