‘असवः’ हा शब्द बहुवचनी आहे

एका वृद्ध वैद्यराजांकडे एकदा त्र्यंबक नावाचा शिष्य शास्त्र शिकत होता. सहा वर्षे झाली होती. पाठांतरात त्याचा हात धरणारे पंचक्रोशीत कुणी नव्हते. पौषातल्या एका सकाळी गुरुजी मुळ्या खणायला नदीपलीकडे गेले आणि नेमकी त्याच वेळी चार माणसे एका मिठाच्या व्यापाऱ्याला उचलून दारात घेऊन आली; मागोमाग त्याची बायको आणि भाऊ होते. उतारावर त्याची गाडी कलंडली होती आणि तो गार पाण्यात बराच वेळ अडकून पडला होता.

ओठ निळे पडलेले, अंग दगडासारखे गार. त्र्यंबकाने नाडी पाहिली, लागेना. नाकाशी कापसाचा तंतू धरला; हलेना. पुन्हा एकदा नीट पाहायला हवे, हे त्याला कळत होते. पण व्यापाऱ्याची बायको टक लावून त्याच्या तोंडाकडे पाहत होती. ती नजर त्याला सोसवेना. एकदाचे बोलून मोकळे व्हावे म्हणून तो म्हणाला, “प्राण गेला, बाई.”

ती जागच्या जागी खाली बसली. व्यापाऱ्याच्या भावाने माणसांना बांबू तोडायला पाठवले. तेवढ्यात ओल्या धोतराने वैद्यराज अंगणात आले.

“गुरुजी, प्राण गेला,” त्र्यंबक म्हणाला.

“कोणता?”

गुरुजींना नीट ऐकू आले नसावे, असे त्याला वाटले. “प्राण, गुरुजी. यांचा प्राण गेला.”

“तेच विचारतोय. कोणता गेला?”

उत्तराची वाट न पाहता त्यांनी रोग्याचे ओले कपडे उतरवले, त्याला कोरड्या घोंगड्यांत गुंडाळले, आणि शेकलेल्या कोंड्याच्या पुरचुंड्या काखेत व छातीशी ठेवल्या. मग पाण्याने काठोकाठ भरलेली एक वाटी त्यांनी त्याच्या पोटावर, बेंबीजवळ अलगद ठेवली.

भाऊ भडकला. “मेलेल्या माणसाची काय ही थट्टा!”

“बांबू राहू देत,” वैद्यराज म्हणाले. “गप्प बसा आणि पाण्याकडे बघा.”

सगळे बघत राहिले. पाणी स्थिर होते. पाणी हलले, तर आपण जिवंत माणसाला मृत ठरवले. नाही हलले, तर माणूस गेलाच. देवाजवळ काय मागावे हे त्याला कळेना; आणि ते आपल्याला कळत नाही, याचीच त्याला फार भीती वाटली.

पुरचुंड्या दोनदा बदलून झाल्या. मग वाटीतले पाणी किंचित शहारले. थोड्या वेळाने पुन्हा. काठावरून एक थेंब घरंगळला, तशी व्यापाऱ्याची बायको तोंडाला पदर लावून हुंदके देऊ लागली.

दिवस कलताना व्यापाऱ्याने डोळे उघडले आणि विचारले, “बैल निघाले का पाण्यातून?”

मागल्या ओसरीवर त्र्यंबक मान खाली घालून उभा होता. “गुरुजी, माझं काय चुकलं?”

“व्याकरण,” वैद्यराज म्हणाले. “जीव या अर्थाचा ‘असवः’ हा शब्द तुला पाठ आहे. शास्त्रकार तो बहुवचनातच वापरतात. लोकसुद्धा बोलताना ‘प्राण गेले’, ‘प्राण कंठाशी आले’ असंच म्हणतात. कारण ते पाच आहेत. एक श्वासाबरोबर नाकाशी दिसतो, एक नाभीपाशी असतो, एक अंगभर फिरतो. सगळे एका वेळी निघत नाहीत. गारठलेल्या अंगाची नाडी बोटाला लागत नाहीच. नाकाशी तू एकाला पाहिलंस, तो दिसला नाही, आणि उरलेल्या चौघांची चौकशी न करता एकवचनात बोलून मोकळा झालास.”

“पण सहा वर्षांत तुम्ही हे कधी सांगितलं नाहीत.”

वैद्यराज ओसरीच्या कडेला बसले. “मलाही कुणी सांगितलं नव्हतं. तुझ्या वयाचा असताना एका सुताराच्या लेकीपाशी मी असाच एकवचनात बोललो. लोकांनी तिला लगेच नेलं. ती खरोखर गेली होती की नाही, ते मला आजही ठाऊक नाही.”

त्र्यंबक ओसरीवरून वळला. आत जाऊन तो व्यापाऱ्याच्या बायकोशेजारी जमिनीवर बसला आणि त्याने रोग्याच्या पोटावर तळवा ठेवला. दिवेलागण झाली, तिने जेवायला उठा म्हणून दोनदा सांगितले, तरी त्याने तो उचलला नाही.