पेंडेची घंटा

“पूर आला की माणसं होडीत बसतात आणि जनावरं दाव्यालाच राहतात. ती पाण्याने मरत नाहीत, अप्पा. कुणीतरी बांधून ठेवलेली असतात, म्हणून मरतात. हे पाप कुणाचं?”

मठाचे प्रमुख अप्पाजी गोठ्याच्या दारात उभे राहून ऐकत होते.

मठ नदीकाठी होता आणि मठाचा गोठा तर पाण्याला अगदी लागून. लोकांनी सोडून दिलेल्या भाकड गाई, थकलेले बैल, त्यांतला एक आंधळा, एक लंगडी घोडी, असा सगळा संसार तिथे नांदायचा.

विचारणारा मल्लिनाथ जनावरांचा डॉक्टर. कॉलेज संपवून थेट मठात आलेला. पावसाळ्याआधी त्याने पुराचा सगळा बेत आखला होता. दावी कुणी सोडायची, पुढे कुणी चालायचं, माळावर निवारा कुठे, औषधं कुठे ठेवायची... बेत मान्य झाला नाही तर मी मठ सोडतो, असंही तो सांगून बसला होता.

“समज, आत्ता पाणी चढलं,” अप्पाजी म्हणाले. “पहिलं काय करशील?”

“गोठ्याची घंटा वाजवीन. पार गावाच्या टोकापर्यंत ऐकू जाते. अवेळी वाजली की माणसं धावत येतील.”

“वाजव.”

“आत्ता गोठा रिकामा आहे, अप्पा. जनावरं वर माळावर चरतायत.”

“वाजव.”

मल्लिनाथने घंटेची दोरी ओढली. शेवटचं जनावर सुखरूप होईपर्यंत घंटा थांबवायची नाही, हा नियम त्यानेच केला होता.

माणसं धावत आली. बेतात ठरल्याप्रमाणे जो तो आपल्या जागी उभा राहिला. मल्लिनाथचा चेहरा उजळला.

मग माळावर धूळ उठली.

सगळ्यांत पुढे आंधळा बैल होता. त्याच्यामागे गाई, आणि गाईंच्या मागे तीन पायांवर उड्या मारत घोडी. सगळी जनावरं माळ उतरून नदीकडे आली आणि गोठ्यात शिरून आपापल्या गव्हाणीशी उभी राहिली. रिकाम्या गव्हाणीत त्यांनी तोंडं घातली.

माणसं त्यांना बाहेर ढकलू लागली. मल्लिनाथने घंटा आणखी जोरात वाजवली. तशी जनावरं आणखी आत दाटली.

गोठ्यात पेंड घालायचं काम गौराक्काचं. ती दारातून ओरडली, की डॉक्टर, आधी ती घंटा थांबवा. त्या घंटेवर मी रोज संध्याकाळी पेंड घालते.

घंटा थांबली...

मल्लिनाथने दोरी सोडली. “मूर्ख आहेत,” तो पुटपुटला. “मरणाकडे धावत आली.”

अप्पाजींनी मूठभर पेंड आणली आणि आंधळ्या बैलापुढे तळहात धरला.

“तू बोलावलंस,” ते म्हणाले. “ती आली.”

मल्लिनाथ गव्हाणीच्या कडेवर बसला.

“बेत फाडून टाकू?” त्याने विचारलं.

“कशाला? चांगला आहे.”

“मग?”

“पूर रोज येऊ दे.”

मल्लिनाथ उठला, घंटा उतरवली आणि खांद्यावर टाकून माळ चढू लागला. मठ सोडण्याची गोष्ट त्याने पुन्हा काढली नाही.

त्यानंतर पेंड संध्याकाळची बंद होऊन सकाळची झाली, आणि तीही माळावर. खाली दावी सुटायची, वर घंटा वाजायची. पहिले काही दिवस ढकलाढकलीचे गेले. गौराक्काने टोपली वर नेताना सगळ्या मठाचा उद्धार केला.

आषाढातल्या एका सकाळी नदी गढूळ होऊन फुगली होती. मल्लिनाथने माळावरून घंटा वाजवली. कुणी हाकललं नाही, कुणी ओढलं नाही. जनावरं रांगेने चढून आली. आंधळा बैल पुढच्या गाईच्या शेपटीला नाक लावून चालत होता.

अप्पाजी दगडावर बसून बघत होते. मल्लिनाथला हसू आवरत नव्हतं.

गौराक्काने टोपली खाली ठेवली आणि पदराने तोंड पुसलं.

“पूर आला तरी यांना कळायचं न्हाई बघा, डॉक्टर. म्हणतील, न्याहारीची वेळ झाली.”