लादीवरचं अंडं

"मग दोष कुणाचा म्हणायचा, बाबा? त्या पक्ष्यांचाच ना?"

विचारत होता प्रद्युम्न. आमच्या बंदरातल्या तोरसकर मास्तरांचा मुलगा. दक्षिण ध्रुवावर राहून आलेला शास्त्रज्ञ, हुशार, आणि आपण हुशार आहोत हे त्याला पक्कं ठाऊक.

खाडीवरच्या दर्ग्याच्या ओट्यावर लतीफशा फकीर बसले होते; सगळं बंदर त्यांनाच बाबा म्हणतं. मी बर्फाच्या कारखान्याचा मालक. दर गुरुवारी सरबतासाठी बर्फाची एक लादी तिथं पोचवतो, म्हणून हजर होतो. नाहीतर ज्ञानाच्या गोष्टींत माझं काय काम?

"काय झालं, ते सांग तरी," बाबा म्हणाले.

"समुद्रावरचा बर्फ यंदा महिनाभर आधीच फुटला. पेंग्विनची पिल्लं त्याच्यावर होती. अंगावर नुसती लव, पोहता येत नाही…"

"मग?"

"बुडाली. सगळी वस्ती. मी दुर्बिणीतून पाहिलं."

माझ्या हातातला बर्फ ओढायचा आकडा तसाच राहिला. सगळी? हा माणूस पावसाचा आकडा सांगावा तसं सांगत होता!

"संध्याकाळी अहवाल पाठवायचाय," प्रद्युम्न म्हणाला. "मरणाचं कारण लिहायचंय. मी लिहिणार, पक्ष्यांनी जागा बदलली नाही. हवा तापतेय हे खरं, पण जो बदलत नाही तो जाणारच. आई म्हणाली, सही करण्याआधी बाबांचा आशीर्वाद घे."

"त्यांचा बाप काय करतो?"

"बाप? तोच तर अंडं उबवतो. दोन महिने पायांवर घेऊन उभा. उपाशी. अंडं बर्फाला टेकलं की संपलं."

"दोन महिने…" बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "शेठ, लादी उन्हात ठेवा."

मी गोणपाट काढलं आणि लादी ओट्याच्या कडेला ठेवली.

"बेटा, एक अंडं आण."

प्रद्युम्न हसला. "परीक्षा घेताय होय?" म्हणत बाबांच्या खोलीमागं गेला. तिकडून कोंबडीचा मोठा कालवा ऐकू आला. बाबांनी मान वर केली… बोलले काही नाहीत.

तो आला तो मनगट चोळत. "टोचली हो, लबाड!"

"चढ. पायांवर ठेव अन् उभा राहा."

बूट त्यानं पायरीपाशीच काढले होते. लादीवर चढला, पाय जुळवले, अंडं बोटांवर ठेवलं. बर्फ विकून माझे केस पिकले, पण माझ्या मालावर उभं राहणारा हा पहिलाच.

"कसं वाटतंय, डॉक्टर?" मी विचारलं.

"थंडीचं मला नका सांगू, काका. उणे चाळीसात राहिलोय."

"बूट घालून ना?"



ऊन चढत होतं. लादीखाली पाणी सुटलं. ओट्याला उतार, हे मला दिसत होतं. त्याचे पाय आधी लाल झाले, मग पांढरे. ओठ घट्ट मिटलेले. पण पठ्ठ्या हलला नाही, हे मी दर्ग्यात उभं राहून सांगतो.

"उतर आता," मी म्हणालो.

"नाही."

लादी सरकली. जेमतेम चार बोटं. तो सावरला, अंडं नाही.

"मी हललो नाही, बाबा!" तो ओरडला. "खालचा बर्फ सरकला! मी काय करणार…"

आणि त्याचं लक्ष ओट्याच्या दगडाकडं गेलं.

फुटलेल्या कवचात बलक नव्हता. ओलं, काळपट, चोच आलेलं पिल्लू होतं. एकदा पाय ताणला त्यानं… मग नाही.

प्रद्युम्न मटकन खाली बसला. हात पुढं नेला, मागं घेतला. मागं फळीवर ताज्या अंड्यांची परडी असते. हा शहाणा उबवायला बसलेली कोंबडी उठवून तिच्या खालचं घेऊन आला होता!

"यात जीव होता, बाबा…" त्याचा आवाज चिरकला. "तुम्ही ऐकत होता ना सगळं? मला सांगितलं का नाहीत?"

बाबांनी रुमाल पसरला. पिल्लू अलगद त्यात घेतलं.

"उचललंस, तेव्हा हाताला ऊब लागली नव्हती?"